घाटात बंद पडणारी १९७४ची पेट्रोल जीप (सीजे ३बी) : कार्बोरेटर दोनदा उघडून झाला, तरी तेच

नीराकाठ – ९ फेब्रुवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९७४ सालची महिंद्राची पेट्रोल जीप आहे, सीजे ३बी, उंच बॉनेटची. वडिलांनी १९८१ साली एका बागायतदाराकडून घेतली. ओळखीतल्या बहुतेकांनी पुढे पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवलं, वडिलांनी नाही. मूळचं हरिकेन इंजिन, २,१९९ सीसी, अजून तेच आहे. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं, ऑइल खात नाही.

त्रास असा. सपाटीला काहीही होत नाही. भोरहून नीरा देवघरच्या काठाने वरंध घाटाच्या माथ्यापर्यंत छान जाते, घाट उतरून महाडलाही जाते. परत येताना मात्र माझेरी गाव मागे टाकलं की तीन-चार किलोमीटरवर, दुसऱ्या गिअरमध्ये चढत असताना, दम सोडते. पेडल दाबलं तरी ओढत नाही, दोन-तीन आचके देते आणि बंद. मग कितीही सेल्फ मारा, घेत नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की काहीच झालं नाही अशी सुरू होते, आणि दोन-तीन किलोमीटरवर पुन्हा तेच. मागच्या खेपेला वाघजाईच्या देवळापर्यंत पोचायला तीन थांबे घ्यावे लागले.

आतापर्यंत केलेलं : पहिल्या गॅरेजमध्ये कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) उघडून किट टाकलं. फरक नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये पुन्हा उघडला, ‘पेट्रोल कमी पडतंय’ म्हणून फ्लोटची (आतलं पेट्रोल ठरावीक उंचीला ठेवणारा तरंगा) पातळी वर घेतली आणि मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) मोठा केला. आता घाटात बंद पडतेच, शिवाय उतारावर ब्रेक मारून थांबलं तरी कधीकधी बंद पडते आणि प्लग काळे निघतात. प्लग, पॉइंट, फिल्टर सगळं नवीन आहे.

वडील ७८ वर्षांचे आहेत. महाडजवळ आमचं मूळ घर. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा या वर्षी त्यांना जीपनेच जायचं आहे. दोन वर्षं ते बसने जातायत आणि बोलून दाखवत नाहीत, पण मला कळतं. कुठून सुरुवात करू?

कोल्हापुरी_चाक – ९ फेब्रुवारी, रात्री ११.१५

व्हेपर लॉक. शंभर टक्के. घाटात वेग कमी, पंख्याची हवा अपुरी, इंजिन तापतं, पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ढकलू शकत नाही. गार झालं की सुरू. आमचे काका बाटलीत पाणी आणि एक फडकं कायम ठेवायचे, बंद पडली की ओलं फडकं एसी पंपावर (टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनावरचा पंप). पाच मिनिटांत गाडी चालू. करून बघा.

टोलेडो_ते_ठाणे – १० फेब्रुवारी, सकाळी ७.०५

तुमची गाडी वाचून फार बरं वाटलं. मी ओहायोत राहतो, विलीज जिथे बनायच्या त्या टोलेडोपासून तासाभरावर. माझ्याकडे १९५४ची सीजे-३बी आहे, तुमच्या जीपची आजीच म्हणा. हे इंजिन ‘एफ हेड’ आहे : इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे आधीच्या ‘गो डेव्हिल’ इंजिनापेक्षा हे उंच झालं आणि म्हणून बॉनेट उंच करावं लागलं.

व्हेपर लॉकचा अनुभव मलाही आहे. इथे हिवाळ्यासाठी लवकर वाफ होणारं पेट्रोल विकतात. मार्चमध्ये एखादा दिवस अचानक गरम निघाला आणि टाकीत ते हिवाळी पेट्रोल असलं की जुन्या गाड्या हमखास त्रास देतात. इथले जुने लोक पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावतात. मी लावून पाहिले, मला काही फरक जाणवला नाही. नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर घेतली आणि मध्ये पत्र्याची आड लावली, तेव्हा फरक पडला.

बार्शीकर_फिटर – १० फेब्रुवारी, दुपारी १.३०

मी ३४ वर्षं फिटर म्हणून काम केलं, त्यातली पहिली पंधरा बहुतेक जीपांवर गेली. दादा, तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत म्हणून सविस्तर उत्तर देतो.

‘तापल्यावर बंद पडते आणि पंधरा मिनिटांनी सुरू होते’ हे एकच लक्षण किमान पाच वेगवेगळ्या बिघाडांचं असतं. एक, व्हेपर लॉक. दोन, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असणं. पेट्रोल जसं कमी होतं तशी आत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढ पुरत नाही. तीन, टाकीतला गंजाचा पापुद्रा किंवा कचरा आतल्या नळीच्या तोंडाशी ओढला जाणं. इंजिन थांबलं की ओढ संपते, कचरा खाली बसतो, रस्ता मोकळा होतो. चार, टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत कुठेतरी बारीक चीर किंवा अडथळा. पाच, स्पार्क देणाऱ्या सर्किटमधला कंडेन्सर किंवा कॉइल तापल्यावर जीव सोडणं, ज्याचा पेट्रोलशी काही संबंध नाही.

या पाचांपैकी एकही बिघाड कार्बोरेटरमध्ये नाही. तरी तुमचा कार्बोरेटर दोनदा उघडला गेला, कारण गाडी गॅरेजमध्ये उभी असताना ती चालूच होती आणि कुणालातरी काहीतरी उघडायचं होतं. हा बिघाड गॅरेजमध्ये सापडत नसतो. गाडी जिथे बंद पडते तिथे, बंद पडली त्या मिनिटाला तो अंगावर असतो. पंधरा मिनिटांनी तो निघून गेलेला असतो. तेव्हा तुम्हाला हत्यारं घेऊन घाटात जावं लागेल. एकटे जाऊ नका.

बंद पडल्याबरोबर, सेल्फ न मारता, या क्रमाने बघा.

टाकीचं झाकण सोडा. ‘सुस्स’ असा आवाज येऊन हवा आत ओढली गेली तर चोर तिथेच.

मग एअर क्लीनरची नळी काढून कार्बोरेटरच्या घशात बघत हाताने थ्रॉटल (पेडलने उघडणारी झडप) एकदा पूर्ण उघडा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे आणि दुखणं इलेक्ट्रिकमध्ये आहे. पिचकारी नाही उडाली तर चेंबर कोरडा आहे, म्हणजे पेट्रोल पोचत नाहीये. हे एवढं एक बघितलं की अर्धं काम झालं. बघताना चेहरा लांब ठेवा आणि त्या वेळी कुणालाही सेल्फ मारू देऊ नका.

मग पंपाची काचेची वाटी बघा. भरलेली आहे, अर्धी आहे, बुडबुडे आहेत की तळाशी पाणी, ते लिहून ठेवा.

शेवटी एक प्लग काढून बॉडीला टेकवून स्पार्क बघा. हे सगळ्यात शेवटी, आणि उघड्या पेट्रोलपासून दूर. निळा, कडकडीत असेल तर ठीक. पिवळट, मरतुकडा असेल तर कंडेन्सरवर संशय घ्या. नवीन टाकलाय म्हणून चांगला असं धरून चालू नका, आजकाल नव्या डबीतले कंडेन्सरही पहिल्याच दिवशी गेलेले बघितलेत.

आणि आग विझवायचं सिलिंडर बरोबर असल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

नीराकाठ – १० फेब्रुवारी, रात्री ९.२०

काका, मनापासून आभार. एवढ्या दिवसांत ‘बंद पडली तेव्हा काय दिसलं’ हे मला कुणी विचारलंच नव्हतं. या रविवारी भाऊ आणि मी दोघे जातो.

माजगावची_जिप्सी – ११ फेब्रुवारी, सकाळी ११.००

मी सावंतवाडीची. माझी कार्बोरेटरवाली जिप्सी आहे, बागेत आणि कच्च्या रस्त्यावर रोज वापरते. माझा त्रास वेगळा होता, पण या धाग्यावर कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

माझी गाडी बागेतल्या उभ्या चढाला, तेही एका बाजूला कललेली असताना बंद पडायची. सरळ चढाला नाही. फ्लोट चेंबर म्हणजे शेवटी पेट्रोलची एक छोटी वाटी. गाडी कलली की वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जातं. जेटच्या बाजूला गेलं तर जास्त जातं, उलट बाजूला गेलं तर जेट उघडा पडतो. त्यात फ्लोटची पातळी जरा जरी वर असेल तर पेट्रोल वरच्या हवेच्या भोकातून थेट घशात सांडतं आणि इंजिन गुदमरतं. माझी पातळी वर होती. पुस्तकाप्रमाणे खाली घेतल्यावर कललेल्या चढाचा त्रास जवळजवळ गेला.

तुमच्याकडे पातळी मुद्दाम वर घेतलीय म्हणता. उतारावर ब्रेक मारल्यावर बंद पडणं आणि काळे प्लग हे त्यामुळेच असावं, मूळ दुखण्यामुळे नाही.

आणखी एक. जिप्सीवाल्यांनी कार्बोरेटरवरचा स्लोचा सोलेनॉइड (आयडलिंगचं पेट्रोल चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बघावा. चावी फिरवली की ‘टिक्’ असा आवाज यायला हवा. माझी आयडलिंगला बंद पडायची तेव्हा सगळ्यांनी मिक्श्चर स्क्रू पिळून पाहिला. शेवटी सोलेनॉइडची वायर कनेक्टरमध्ये तुटलेली निघाली.

बार्शीकर_फिटर – ११ फेब्रुवारी, दुपारी २.१०

ताई बरोबर सांगतायत. खरं दुखणं एक असतं, आणि त्याच्यावर केलेल्या चुकीच्या उपायांची दोन-तीन दुखणी वर चढतात. मूळ सापडेपर्यंत फ्लोट आणि जेटला आता हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला.

नीराकाठ – १५ फेब्रुवारी, रात्री ८.५०

आज जाऊन आलो. माझेरीच्या पुढे चौथ्या किलोमीटरला बंद पडली. नोंदी :

झाकण सोडलं, कसलाही आवाज नाही. घशात बघून थ्रॉटल उघडला, पिचकारी नाही, एक थेंबही नाही. काचेची वाटी जेमतेम पाव भरलेली, पाणी नाही. स्पार्क निळा, आवाजासकट.

मग ओलं फडकं पंपावर टाकलं. पाच मिनिटांनी सेल्फ मारला, सुरू नाही. सतरा मिनिटांनी सुरू झाली. म्हणजे फडक्याने काही केलं की नुसती वेळ गेली ते सांगता येत नाही.

कोल्हापुरी_चाक – १५ फेब्रुवारी, रात्री ९.३०

फडक्याने लगेच सुरू झाली नाही म्हणजे माझं ‘शंभर टक्के’ मी मागे घेतो. पण इलेक्ट्रिक सुटलं आणि झाकणही सुटलं, हे चांगलं झालं.

बार्शीकर_फिटर – १६ फेब्रुवारी, सकाळी १०.१५

छान काम केलंत. आता पेट्रोल टाकी ते पंप या टप्प्यात अडतंय की पंपातच, ते वेगळं काढायचं. पुढच्या वेळी झाकणवाला धातूचा पेट्रोल कॅन आणि पेट्रोलला चालणारी हातभर नळी न्या. गाडी बंद पडली की टाकीकडून येणारी नळी पंपापासून सोडून तिचं तोंड लगेच बंद करा, आणि कॅनमधली नळी पंपाला जोडा. कॅन जमिनीवर, पंपाच्या खालच्या पातळीला ठेवायचा. वर धरला तर पेट्रोल वजनानेच उतरेल आणि पंप ओढतोय की नाही ते कळणारच नाही. पंधरा मिनिटं न थांबता सुरू झाली तर पंप आणि कार्बोरेटर दोन्ही निर्दोष, अडथळा मागे आहे. हे उभ्या गाडीवरच करायचं. कॅन गाडीत घेऊन चालवायचं नाही.

टोलेडो_ते_ठाणे – १६ फेब्रुवारी, सायंकाळी ६.४०

काका, एक शंका, राग मानू नका. कॅनमधलं पेट्रोल गार असेल. ते पंपात आलं की पंप त्यानेच गार होईल आणि व्हेपर लॉक असलं तरी सुटेल. मग ‘कॅनवर सुरू झाली’ यावरून व्हेपर लॉक नव्हतंच असं म्हणता येईल का?

बार्शीकर_फिटर – १६ फेब्रुवारी, रात्री ८.००

राग कसला, शंका रास्त आहे. म्हणून कॅन जोडायच्या आधी अजून एक करा. टाकीकडून येणारी नळी सोडली की तिच्या तोंडाला हाताने दाबायचा रबरी फुगा लावा, बोटीच्या इंजिनाला पेट्रोल भरायला असतो तसला, आणि ओढून बघा. नळीत नुसती वाफ असेल तर दोन-चार ओढींत वाफ निघून मागचं गार पेट्रोल येईल. कुठे अडलेलं असेल तर फुगा चपटा होऊन चपटाच राहील. तोंडाने ओढायचं नाही. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर माणूस दवाखान्यात जातो, मी बघितलंय.

रसायनवाला – १७ फेब्रुवारी, सकाळी ९.४५

धागा पहिल्यापासून वाचतोय. नळ्या किती जुन्या आहेत आणि कुठल्या रबराच्या, हे कुणी विचारलं नाही. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. या गाड्या बनल्या तेव्हाचं रबर या मिश्रणासाठी नव्हतंच. साध्या रबराला इथेनॉल फुगवतं, मऊ करतं आणि कापड व रबराचे थर एकमेकांपासून सोडवतं. पंपाच्या डायफ्रामलाही हेच लागू.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. थोडं पाणी मिश्रणात विरघळलेलं राहतं, पण प्रमाण वाढलं किंवा तापमान उतरलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. टाकीतली नळी तळातूनच ओढते. पावसाळ्यात चार महिने उभी राहणाऱ्या गाडीला हे घडतं, आणि कार्बोरेटरमध्ये पांढरी पूड जमते ती यातलीच गंज.

तिसरी गोष्ट जेटची. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साडेतेरा पटीच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर इंजिन थोडं कोरडं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालतं. तुमच्या दुसऱ्या गॅरेजने जेट मोठा केला ती दिशा अगदीच चुकीची नव्हती. पण ड्रिलने अंदाजाने मोठा केला असेल तर ते माप कुणालाच माहीत नाही, आणि भोक गुळगुळीतही राहत नाही.

नळी घ्यायची असेल तर एसएई जे३०आर९ छापलेली बघा, आतून फ्लोरोकार्बन रबराची असते. महाग आहे. पण तुम्हाला फूट-दीड फूटच लागणार.

नीराकाठ – १७ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

नळी दोन वर्षांपूर्वी बदललीय, पहिल्या गॅरेजमध्ये. वरून एकदम नवीन दिसते, म्हणून तिच्यावर संशय घेतला नव्हता. काळी, चकचकीत, वर काही छापलेलं नाही.

रसायनवाला – १७ फेब्रुवारी, दुपारी १२.५०

काही छापलेलं नाही? मग ती हवेची किंवा पाण्याची नळी असू शकते. पण कापून बघू नका, आधी काकांची चाचणी करा. नाहीतर पुन्हा ‘बदललं आणि बघितलं’ होईल.

नीराकाठ – २२ फेब्रुवारी, रात्री १०.१०

सापडलं. घाई न करता क्रमाने लिहितो.

त्याच जागी, चौथ्या किलोमीटरच्या थोडं पुढे बंद पडली. घसा कोरडा. पंपापासून नळी सोडली, फुगा लावला, ओढला. चपटा झाला आणि चपटाच राहिला. दहा वेळा ओढलं, थेंबभरही आलं नाही. मग चासीवरची लोखंडी नळी आणि ही रबरी नळी जिथे जोडलीय तिथे सोडलं आणि फुगा थेट लोखंडी नळीला लावला. दुसऱ्याच ओढीला फुगा पेट्रोलने भरला. म्हणजे अडथळा त्या सव्वा फुटाच्या रबरी नळीत.

कॅनवरही लावून बघितली. अकरा सेकंद सेल्फ मारल्यावर सुरू झाली, बंद पडून चार मिनिटंही झाली नव्हती. जागेवर दहा मिनिटं रेस देऊन चालवली, काही नाही.

घरी येऊन नळी ब्लेडने उभी चिरली. बाहेरचा थर ठणठणीत. आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत होता, भिजलेल्या पापडासारखा मऊ. सपाटीला ओढ कमी, तेव्हा ती जीभ बाजूला राहायची. घाटात इंजिन जास्त मागणार, वरून गरम झालेलं रबर अजून मऊ, मग जीभ ओढली जाऊन भोकावर बसायची. इंजिन बंद झालं की ओढ संपली, हळूहळू जागेवर परत.

मी ती चिरलेली नळी वडिलांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, ‘म्हणजे इंजिनात काही नाही ना?’ गेले पाच महिने त्यांना वाटत होतं इंजिन संपलं.

माजगावची_जिप्सी – २२ फेब्रुवारी, रात्री १०.३५

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. वाचनखूण साठवली.

बार्शीकर_फिटर – २३ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

शाब्बास. दोन गॅरेजना जे जमलं नाही ते तुम्ही रस्त्याच्या कडेला केलंत.

आता चुकीचे उपाय उलटे फिरवायचे. आधी नवीन नळी टाका, दोन्ही टोकांना चांगल्या क्लिपा. ओढीच्या बाजूच्या नळीला बारीक चीर असली तर ती गळत नाही, पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे ‘गळत नाही म्हणजे ठीक’ हा हिशेब तिथे लागू नाही. मग टाकी उतरवून धुवा. सीटखालची टाकी आहे, चार बोल्टचं काम. कचरा नसेल असं नाही.

त्यानंतर फ्लोट. पितळी फ्लोट काढून कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळतंय का ऐका. मग गरम पाण्यात बुडवा, छिद्र असेल तर बुडबुडे येतील. चांगला असेल तर पट्टी पुस्तकातल्या मापाला आणा. निडल (फ्लोट वर आला की पेट्रोल अडवणारी सुई) आणि तिची सीट एकत्रच बदला, नुसती निडल बदलून बसत नाही. जेट मूळ मापाचा आणा, आणि थोडं कोरडं वाटलं तरच एक पायरी वरचा, आकडा छापलेला. ड्रिल केलेला जेट फेकून द्या. जेटमध्ये तार घालायची नाही, फुंकरच मारायची.

कोल्हापुरी_चाक – २३ फेब्रुवारी, दुपारी १२.०५

हे झाल्यावर ट्युनिंगसाठी व्हॅक्यूम गेज (इंजिनाची हवेची ओढ मोजणारं) लावा, माझा आग्रह आहे. कानाने केलेलं आणि गेजने केलेलं यात मोठा फरक पडतो. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर, ही सुरुवात. इंजिन गरम असताना काटा सगळ्यात वर जाईल तिथे स्क्रू थांबवा. निरोगी इंजिनाला आयडलिंगला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) आणि काटा स्थिर हवा. समुद्रसपाटीचे आकडे आहेत हे. दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करा. भोर दोन हजार फुटांच्या आसपास आहे, म्हणजे तिथे १५-१६ दिसलं तर घाबरू नका. काटा खाली आणि लटपटत असेल तर कुठेतरी हवा घेतेय. त्याआधी पॉइंटचा गॅप ०.०२० इंच, प्लगचा ०.०३० इंच बघून घ्या, नाहीतर कार्बोरेटर पिळत बसाल.

टोलेडो_ते_ठाणे – २४ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

हवा घेण्यात आणखी एक जागा, जी सगळे विसरतात : क्रँककेसची (इंजिनाचा खालचा, ऑइलचा भाग) हवा इनटेकमध्ये नेणारा छोटा व्हॉल्व्ह. तो उघडा अडकला की आयडलिंग कधीच लागत नाही आणि दोष कार्बोरेटरला मिळतो. काढून हलवला तर आत खुळखुळायला हवा.

आणि कुणी इलेक्ट्रिक पंप बसवा म्हणालं तर दबाव तपासून घ्या. जीपच्या मूळ पंपाचा दबाव तीन पीएसआयच्या आसपास असतो. इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप लावला तर निडल तो दबाव पेलू शकत नाही, पेट्रोल वरून ओतू जातं. शिवाय अपघातात इंजिन बंद पडलं तरी इलेक्ट्रिक पंप ओतत राहतो, तो आपोआप बंद होईल अशी सोय हवीच.

नीराकाठ – १ मार्च, रात्री ९.००

झालेलं काम : जे३०आर९ नळी, पुण्यात मिळाली. टाकी उतरवली, तळातून चहाच्या दोन चमच्यांएवढी गंजाची पूड निघाली. फ्लोट चांगला होता, पट्टी पुस्तकाच्या मापाला आणली. निडल-सीटचा जोड नवीन. जेट जुन्या मूळ कार्बोरेटरमधला, तो वडिलांनी १९९० पासून डब्यात जपून ठेवला होता. व्हॅक्यूम भोरमध्ये १६, पण काटा किंचित थरथरतो. उतारावर ब्रेक मारून चार वेळा थांबवली, बंद पडली नाही.

बार्शीकर_फिटर – १ मार्च, रात्री ९.४०

थरथर थ्रॉटलच्या दांड्याची असेल. आयडलिंगला दांडा बोटाने वर-खाली हलवून बघा. इंजिनाचा आवाज बदलला तर दांड्याच्या भोकातून हवा जातेय.

नीराकाठ – २ मार्च, सकाळी ८.१५

बदलतो. वर दाबला की सुधारतो, सोडला की परत.

बार्शीकर_फिटर – २ मार्च, सकाळी ९.००

मग दांडा किंवा भोक झिजलंय. लेथवाल्याकडे भोक मोठं करून पितळी बुश बसवून घ्यायचं, दांडा झिजला असेल तर तोही नवीन. पण शिमग्याच्या तोंडावर हे काढू नका. याने गाडी घाटात बंद पडणार नाही, फक्त आयडलिंग किंचित उड्या मारेल. शिमगा करून या, मग बघू.

नीराकाठ – १६ मार्च, रात्री १०.३०

कालच परतलो. जाताना घाट मी चालवला, येताना वडिलांनी. माझेरीपासून वाघजाईपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये एका दमात, एकही थांबा नाही. मी चौथ्या किलोमीटरला श्वास धरून बसलो होतो, त्यांना ते कळलं, पण काही बोलले नाहीत, नुसता रस्त्याकडे बघत चालवत राहिले. वर थांबून भजी खाल्ली. इंजिन गरम होतं, थांबल्यावर लगेच सेल्फ मारून पाहिला, अर्ध्या फेऱ्यात घेतलं.

पालखीच्या दिवशी जीप अंगणात उभी होती. गावातल्या दोघांकडे तशाच पेट्रोल जिपा आहेत, दोन्ही ‘घाटात दम सोडतात’ म्हणून पडून. एकाची नळी तिथेच बघितली. काळी, चकचकीत, काहीही न छापलेली. त्याला फुगा देऊन आलोय.

काका, बुशचं काम एप्रिलमध्ये करतोय. लेथवाल्याला भोकाचं माप सांगू की दांडा घेऊन जाऊ?

बार्शीकर_फिटर – १७ मार्च, सकाळी ९.२०

माप सांगू नका. कार्बोरेटरचा खालचा भाग आणि दांडा दोन्ही त्याच्या हातात द्या. बटरफ्लायचे (दांड्यावरची थ्रॉटलची गोल चकती) दोन स्क्रू मागून ठोकून चपटे केलेले असतात, ते जोर लावून फिरवले तर दांड्यातच तुटतात. मागचा भाग बारीक कानशीने घासून मगच सोडा. परत बसवताना बटरफ्लाय पूर्ण बंद ठेवून, उजेडाकडे धरून, सगळीकडून सारखी बसली का बघून मगच स्क्रू आवळा. नवे स्क्रूच वापरा, आणि मागून पुन्हा ठोकायला विसरू नका. तिथला स्क्रू सुटला तर थेट सिलिंडरमध्ये जातो.